शिदोरी आणि धर्मशाळा : 'लोबेर्ज एस्पान्योल' या चित्रपटातील परदेशी शिक्षणसत्र

१. प्रास्ताविक

विद्यार्थ्याने आपले विद्यापीठ न सोडता एखादे सत्र परदेशातील विद्यापीठात काढावे आणि तेथे मिळवलेले श्रेयांक परत आल्यावर आपल्या पदवीत जमा व्हावेत, ही कल्पना आपल्या महाविद्यालयांना अलीकडेपर्यंत दूरची वाटत होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर मात्र ती चर्चासत्रांतून कार्यालयीन कागदांत उतरली. जुलै २०२१ मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम आले. मे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतीय व परदेशी संस्थांच्या सहकार्यासंबंधीचे विनियम अधिसूचित केले. ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन प्रकार त्यांत आहेत. पैकी ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेत मिळवायच्या श्रेयांकांवर तीस टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हापासून आपल्या अभ्यासमंडळांच्या बैठकांत चर्चा होते ती समकक्षतेची, श्रेयांकांची आणि तासिकांच्या हिशेबाची. परदेशातील सत्रात विद्यार्थ्याचे नेमके काय होते, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एका फ्रेंच चित्रपटाचा आधार घेतला आहे. सेद्रिक क्लापिश यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'लोबेर्ज एस्पान्योल' हा चित्रपट २००२ साली प्रदर्शित झाला. युरोपातील विद्यार्थी-विनिमयाच्या 'एरास्मस' योजनेखाली पॅरिसहून बार्सिलोनाला गेलेल्या एका विद्यार्थ्याची ही कथा आहे. युरोपात या योजनेचा विषय निघाला की या चित्रपटाचे नाव हमखास निघते, इतका तो तिच्याशी एकरूप झाला आहे. साहजिकच त्याच्याकडे बहुधा तारुण्याचा आणि युरोपीय ऐक्याचा उत्सव म्हणून पाहिले जाते. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. चित्रपटाचे खरे सामर्थ्य घरातील गमतीजमतींपेक्षा वर्गातील एका छोट्या प्रसंगात आहे आणि त्याची खरी मर्यादाही तेथेच आहे, असे प्रतिपादन या लेखात करावयाचे आहे. तो प्रसंग यजमानाच्या भाषेचा आहे. चित्रपट तो प्रश्न नेमका उपस्थित करतो आणि लगेच त्याच्यापासून दूर जातो.

२. योजना आणि तिचे नाव

एरास्मस योजना १९८७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. एका देशात शिकलेला भाग दुसऱ्या देशात ग्राह्य धरता यावा म्हणून १९८९ पासून श्रेयांक-हस्तांतरणाची युरोपीय पद्धत प्रायोगिक स्वरूपात आली. पुढे ती स्थिरावली आणि पूर्ण वर्षाचे ६० व सत्राचे ३० श्रेयांक असे माप रूढ झाले. जून १९९९ मधील बोलोन्या जाहीरनाम्यावर २९ देशांनी सह्या केल्या आणि उच्च शिक्षणाच्या रचनेत सारखेपणा आणण्याचे ध्येय अधिकृत झाले. 'लोबेर्ज एस्पान्योल' त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी आला. युरो हे चलन प्रत्यक्ष हातात आले तेही याच वर्षी, जानेवारी २००२ मध्ये. युरोप हे एक घर होऊ शकते, हा विश्वास त्या काळी ताजा होता आणि चित्रपटाच्या प्रत्येक चौकटीत तो जाणवतो.

योजनेचे नाव हे एका लांबलचक इंग्रजी शीर्षकाचे आद्याक्षररूप आहे. त्याचबरोबर ते रॉटरडॅमच्या डेसिडेरियस एरास्मस या मानवतावादी विद्वानाचे स्मरणही आहे. १५३६ साली निवर्तलेल्या या पंडिताचे आयुष्य पॅरिस, लूवेन, केंब्रिज, बाझेल अशा विद्यानगरांतून गेले. चित्रपटात नायकाला रस्त्यावर भासांमध्ये जुन्या वेषातील एरास्मस दिसतो, तो याच धाग्याने. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एरास्मस लॅटिनमध्ये शिकला, लॅटिनमध्ये लिहीत राहिला आणि ज्या गावी गेला तेथील पंडितांशी लॅटिनमध्येच बोलला. ती भाषा कोणत्याच यजमानाची नव्हती, म्हणून पाहुणा आणि यजमान तिच्यात समान पातळीवर होते. आजच्या विद्यार्थ्याला हे सुख नाही. तो जेथे जातो तेथे कोणाची तरी मायभाषा आधीच नांदत असते. ज्याच्या नावाने योजना चालते त्या विद्वानाला जो प्रश्न पडला नाही, तोच प्रश्न त्या योजनेतील विद्यार्थ्यापुढे पहिल्याच आठवड्यात उभा राहतो.

३. शीर्षकाचा अर्थ

'लोबेर्ज एस्पान्योल' याचा शब्दशः अर्थ 'स्पॅनिश पांथशाळा'. फ्रेंचमध्ये हा वाक्प्रचार आहे. जेथे आपण बरोबर नेलेलेच आपल्याला खायला मिळते, अशी जागा हा त्याचा आशय. जुन्या काळी स्पेनमधील पांथशाळांत डोक्यावर छप्पर मिळे, पण जेवणाची सोय वाटसरूलाच करावी लागे, अशी त्यामागची समजूत आहे. मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या धर्मशाळेतही ओसरी मिळे, विहिरीचे पाणी मिळे, चूल मांडायला तीन दगड मिळत. शिधा मात्र ज्याचा त्याने आणायचा. ज्याची शिदोरी जशी, तसे त्याचे जेवण.

शीर्षकातील हे रूपक चित्रपटाच्या बाजूने दोन प्रकारे बोलते. एक अर्थ उघड आहे: निरनिराळ्या देशांतील तरुण आपापली शिदोरी सोडतात आणि पंगत रंगते. दुसरा अर्थ अधिक कठोर आहे. परदेशातील सत्र विद्यार्थ्याला जे देते ते बहुतांशी त्याने बरोबर नेलेल्या भाषेवर, पैशावर आणि तयारीवर अवलंबून असते. धर्मशाळा स्वतःहून काही वाढत नाही. क्लापिश यांचा कल पहिल्या अर्थाकडे आहे. तथापि दुसरा अर्थही चित्रपटात दडलेला आहे आणि पुढील विवेचनात त्याचाच मागोवा घेतला आहे.

४. घर : स्वयंपाकघरातील विद्यापीठ

झाविए हा पॅरिसमधील अर्थशास्त्राचा विद्यार्थी. वडिलांचे एक परिचित अर्थमंत्रालयात अधिकारी आहेत. स्पॅनिश भाषा आणि स्पेनची अर्थव्यवस्था यांचे ज्ञान असेल तर नोकरी मिळणे सुकर होईल, असा सल्ला ते देतात. म्हणजे परदेशी जाण्याचा संकल्प मुळात कुतूहलातून झालेला नाही; तो नोकरीच्या हिशेबातून झालेला आहे. त्यानंतर अर्ज, दाखले, खिडक्या आणि शिक्के यांची जी धावपळ सुरू होते ती क्लापिश यांनी पडद्याचे तुकडे करून, चित्रगती वाढवून, कागदांवर कागद रचून दाखवली आहे. विद्यापीठाच्या कार्यालयात ज्याने एखादी दुपार घालवली आहे त्या कोणत्याही प्रेक्षकाला हा भाग आपला वाटेल.

बार्सिलोनात आल्यावर झाविए आधी विमानतळावर ओळख झालेल्या एका फ्रेंच दांपत्याकडे उतरतो आणि मग एका सामायिक घरात जागा मिळवतो. त्या घरात इंग्लंडची वेंडी, इटलीचा अलेस्सांद्रो, जर्मनीचा टोबियास, डेन्मार्कचा लार्स आणि स्पेनची सोलेदाद राहतात. पुढे बेल्जियमची इझाबेल येते. जागा देण्यापूर्वी घरातील मंडळी झाविएची रीतसर मुलाखत घेतात आणि प्रश्न विचारता विचारता आपसातच भांडू लागतात. हे पाहून झाविएला येथेच राहावेसे वाटते, यात दिग्दर्शकाची मर्मदृष्टी दिसते. फ्रिजमधील कप्पे वाटून घेतलेले, तरी कोणाचे काय हा वाद चालूच. घरभाडे वाढले की सर्वांनी मिळून नवा भाडेकरू शोधायचा. घराचे अर्थशास्त्र वर्गातील अर्थशास्त्रापेक्षा अधिक प्रत्ययकारी होते.

दूरध्वनीजवळ लावलेला कागद हा या भागातील सर्वांत अर्थपूर्ण तपशील होय. अमुक व्यक्ती घरी नाही, ती अमुक वेळी परत येईल, एवढा निरोप प्रत्येकाच्या भाषेत कसा द्यायचा, हे त्या कागदावर लिहिलेले असते. झाविएच्या आईचा दूरध्वनी येतो तेव्हा वेंडी तो कागद वाचून उत्तर देते. आई मात्र कागदावर नसलेला शब्द वापरते. विद्यापीठासाठी फ्रेंच बोलीत रूढ असलेला तो संक्षिप्त शब्द इंग्रजी कानाला अश्लील वाटतो आणि वेंडी गोंधळून जाते. प्रसंग विनोदी आहे, परंतु त्यातला विचार गंभीर आहे. दुसऱ्याच्या भाषेतील एक वाक्य पाठ करणे ही सौजन्याची सुरुवात आहे. संवाद सुरू होतो तो त्या वाक्याच्या पलीकडे. घरातील बाकी व्यवहार प्रामुख्याने इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या मिश्रणात चालतो. एरास्मसच्या काळी लॅटिन जे काम करीत होती, ते येथे या मिश्रणाने उचलले आहे.

५. वर्ग : एक प्रश्न आणि त्याचे उत्तर

सुमारे दोन तासांच्या या चित्रपटात वर्गातील दृश्ये अगदी थोडी आहेत. त्यांपैकी एक दृश्य साऱ्या चित्रपटाला पुरून उरते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक कॅटलान भाषेत शिकवीत आहेत. परदेशी विद्यार्थी स्पॅनिश, म्हणजे कॅस्टिलियन, शिकून आलेले. त्यांना काही कळत नाही. इझाबेल हात वर करून विचारते, हा तास कॅस्टिलियनमध्ये घेता येईल का? प्राध्यापक नकार देतात. आपण कॅटलोनियात आहोत आणि येथील अधिकृत भाषा कॅटलान आहे. स्पॅनिश ऐकायची असेल तर माद्रिदला किंवा दक्षिण अमेरिकेत जावे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे.

प्रेक्षकांतील हशा येथे इझाबेलच्या बाजूने असतो. प्राध्यापक हटवादी वाटतात. परंतु त्या उत्तरामागे असलेला इतिहास चित्रपट सांगत नाही आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय प्रसंगाचे मूल्यमापन होऊ शकत नाही. १७१४ मध्ये बार्सिलोना पडल्यानंतर पाचव्या फिलिपने शहराचे जुने विद्यापीठ बंद केले आणि १७१७ मध्ये राजनिष्ठ सेर्वेरा या लहान गावी नवे विद्यापीठ उभारले. शहराला आपले विद्यापीठ परत मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. यादवी युद्धानंतर, १९३९ पासून १९७५ पर्यंत, फ्रँकोच्या राजवटीत कॅटलान शाळांतून आणि शासनव्यवहारातून हद्दपार झाली. १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने तिला कॅस्टिलियनच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला आणि १९८३ च्या भाषाविषयक कायद्याने ती शिक्षणात प्रस्थापित झाली. म्हणजे चित्रपटातील ते प्राध्यापक ज्या भाषेत तास घेत आहेत, ती त्यांच्या पिढीला शाळेत शिकता आलेली नसणार. त्यांचा नकार हा पाहुण्यांचा अपमान नाही. आपल्याच घरात पुष्कळ उशिरा मिळालेली जागा सोडायला ते तयार नाहीत, एवढेच.

तरीही प्राध्यापकांची बाजू निर्दोष आहे, असे म्हणता येणार नाही. कॅस्टिलियनही तेथे अधिकृत भाषा आहेच. ज्या विद्यापीठाने विनिमयाच्या करारावर सही केली, त्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापनाची भाषा आधी सांगणे आणि ती शिकण्याची सोय करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. हे झालेले नसेल तर दोष प्राध्यापकाचा नव्हे, विद्यार्थ्याचाही नव्हे. तो करार करणाऱ्यांचा आहे. श्रेयांकांची देवघेव ठरवताना भाषेचा प्रश्न कोणीतरी आपोआप सुटेल असे धरून चालले आणि तो न सुटलेला प्रश्न वर्गात येऊन एका शिक्षकाच्या व एका विद्यार्थिनीच्या अंगावर पडला.

प्रश्न विचारणारी इझाबेल बेल्जियमची आहे, ही पात्रयोजना विलक्षण नेमकी आहे. तिची भाषा फ्रेंच. तिच्या देशात लूवेनचे प्राचीन कॅथलिक विद्यापीठ भाषेच्या वादातूनच १९६८ साली दुभंगले. त्याच वर्षी या वादात तेथील सरकारही कोसळले आणि फ्रेंच विभागासाठी पुढे लूवेन-ला-न्यव हे नवे गावच वसवावे लागले. ज्या देशाने विद्यापीठातील भाषेसाठी एवढी किंमत मोजली, त्या देशातील विद्यार्थिनी दुसऱ्या देशात गेल्यावर सहजपणे मोठ्या भाषेची मागणी करते. आपल्या घरातील लहान-मोठेपणा परक्या घरात ओळखू न येणे, हा पाहुणेपणाचा स्वभावच असावा.

वर्गानंतरच्या गप्पांत चित्रपट हा प्रश्न थोडा पुढे नेतो. कॅटलानचा आग्रह संकुचित आहे की नाही, यावर विद्यार्थी वाद घालतात. तेव्हा मूळचा गांबियाचा एक तरुण आपण गांबियनही आहोत आणि कॅटलानही आहोत, त्यात विरोध नाही, असे सांगतो. साऱ्या चित्रपटातील हा सर्वांत परिपक्व विचार होय. स्थलांतरितांच्या घरातला हा तरुण यजमानाची भाषा आपली मानतो आणि वर्षभरासाठी आलेले युरोपीय पाहुणे मात्र तिच्याबद्दल तक्रार करतात, हा विरोध दिग्दर्शकाने अचूक टिपला आहे. परंतु हा तरुण एवढे बोलून निघून जातो. त्याचे घर कोणते, तो काय शिकतो, त्याला विनिमयाचे दार उघडे आहे की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. कॅमेरा पुन्हा सामायिक घराकडे वळतो.

६. यजमान नसलेले शहर

येथे चित्रपटाची मर्यादा स्पष्ट होते. झाविए वर्षभर बार्सिलोनात राहतो, पण त्याच्या आयुष्यात बार्सिलोनाचे कोण आहे? मद्यगृहातील एक माणूस त्याला रस्त्यावरची स्पॅनिश शिकवतो. घरमालक भाड्यासाठी येतो. प्राध्यापक नकार देतात. बाकी सारे पाहुणेच. त्याचे प्रेमप्रकरणही बार्सिलोनात नव्याने आलेल्या फ्रेंच डॉक्टरच्या पत्नीशी, आन-सोफीशी होते; म्हणजे परदेशातही तो आपल्याच देशाच्या ओसरीवर राहतो. शहर उन्हात न्हालेले, सुंदर आणि उपलब्ध आहे; मात्र ते बोलत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की हा विनोदी चित्रपट आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांचे वास्तव असेच असते. दिग्दर्शकाने जे पाहिले ते दाखवले. आक्षेपात तथ्य आहे. पाहुण्यांनी पाहुण्यांतच रमणे ही घडणारी गोष्ट आहे. शिवाय क्लापिश आपल्या पात्रांना सर्वस्वी निर्दोष ठरवीत नाहीत. वेंडीचा भाऊ विल्यम घरी येतो आणि जर्मन, स्पॅनिश अशा प्रत्येकाबद्दल ठरीव थट्टा करीत सुटतो, तेव्हा घरातील ऐक्य किती पातळ आहे हे दिसते. त्याच विल्यमला शेवटी बहिणीची अब्रू वाचवण्यासाठी स्वतःला हास्यास्पद करून घ्यायला लावून दिग्दर्शक त्याला माणसांत परत आणतात. ही समज दुर्मीळ आहे. परंतु पाहुण्यांमधील पूर्वग्रहांना जे औदार्य मिळाले, ते यजमानाच्या आग्रहाला मिळाले नाही. विल्यमला बदलण्याची संधी मिळते. प्राध्यापकांना दुसरे दृश्य मिळत नाही. वास्तव दाखवणे आणि त्या वास्तवाची मर्यादा पात्रांच्या ध्यानात न येऊ देणे, यांत फरक आहे.

आरंभीचे एक निवेदन या संदर्भात आठवते. नव्या शहरात सर्व नावे परकी असतात. उर्किनाओनासारखे स्थानकाचे नाव आधी जिभेवर वळत नाही आणि काही महिन्यांनी ते आपल्या आयुष्याचा भाग होते, अशा अर्थाचे चिंतन झाविए करतो. परगावी शिकलेल्या प्रत्येकाला ही अनुभूती परिचित आहे. तथापि गल्ल्यांची नावे ओळखीची होणे आणि त्या गल्ल्यांतून राहणारी माणसे ओळखीची होणे या दोन पायऱ्या आहेत. झाविए पहिलीवर थांबतो आणि दुसरीवर पोहोचल्याचे समाधान मानतो.

७. परतणे

शेवटच्या भागात चित्रपट पुन्हा उंचीवर जातो. पॅरिसला परतलेला झाविए आपल्याच शहरात प्रवाशासारखा भटकतो. प्रेयसी मार्तीनशी नाते तुटलेले आहे. ज्या नोकरीसाठी हा सारा खटाटोप केला ती अर्थमंत्रालयातील नोकरी त्याला मिळते. पहिल्याच दिवशी तो तेथून पळ काढतो आणि लेखक होण्याचा निर्णय घेतो. आपण एक नसून बार्सिलोनातील त्या साऱ्या मित्रांचे मिश्रण आहोत, असे त्याला जाणवते.

शैक्षणिक दृष्टीने हा शेवट मार्मिक आहे. योजनेच्या कागदावर झाविएचे वर्ष यशस्वी म्हणून नोंदले जाईल. त्याने जे मिळवायचे ते मिळवले. प्रत्यक्षात त्या वर्षाने त्याला ज्या कामासाठी तयार करायचे होते त्या कामापासूनच दूर नेले. श्रेयांकांत जे मोजता येते आणि माणसात जे बदलते, यांची गाठ पडेलच असे नाही, हे सत्य येथे कोणताही उपदेश न करता सांगितले आहे. परंतु नोकरी सोडून पळण्याची मुभा कोणाला असते, हा प्रश्न शिल्लक राहतो. पॅरिसमध्ये घर असलेल्या, वडिलांच्या ओळखीने मंत्रालयात पोहोचलेल्या तरुणाला ती आहे. एरास्मसची शिष्यवृत्ती ही मूळची पूरक मदत आहे. सारा खर्च ती भागवत नाही. उरलेली शिदोरी घरूनच न्यावी लागते. शीर्षकातील रूपकाचा कठोर अर्थ येथे पुन्हा डोके वर काढतो.

क्लापिश यांनाही तो जाणवला असावा. 'ले पुपे र्‍यूस' (२००५) आणि 'कास-तेत शिनवा' (२०१३) या पुढील भागांत झाविएचे वय वाढत गेले. २०२३ मध्ये आलेल्या 'सालाद ग्रेक' या मालिकेत झाविए आणि वेंडी यांची मुले अथेन्समध्ये भेटतात. एरास्मसवर गेलेली मुलगी शिक्षण बाजूला ठेवून निर्वासितांसाठी काम करीत असते. पारपत्र आणि शिष्यवृत्ती घेऊन सीमा ओलांडणारे आणि ती नसताना ओलांडणारे प्रथमच एका छताखाली येतात. पहिल्या चित्रपटात एका दृश्यात येऊन गेलेल्या गांबियन-कॅटलान तरुणाचा प्रश्न दिग्दर्शकाने एकवीस वर्षांनी पुन्हा हाती घेतला, असे म्हणता येईल. मधल्या काळात त्या घराचे छप्परही बदलले होते. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनने या योजनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२१ पासून ट्युरिंग ही स्वतःची योजना आणली. वेंडीची खोली कायमची तिची आहे, हे २००२ साली कोणीही गृहीत धरले असते.

८. आपल्या संदर्भात

या चित्रपटाचे महाराष्ट्रातील अध्यापकाला दोन बाजूंनी प्रयोजन आहे. आपण विद्यार्थी पाठवणारेही आहोत आणि परगावचे विद्यार्थी घेणारेही. पाठवणाऱ्याच्या भूमिकेत आपली चिंता झाविएची असते: भाषा, पैसा, राहणे, परत येणे. घेणाऱ्याच्या भूमिकेत आपण त्या कॅटलान प्राध्यापकाच्या जागी असतो, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. वर्गात चार विद्यार्थी परप्रांतातील असले की मागच्या बाकावरून विनंती येते आणि आपण काहीही न बोलता हिंदीकडे किंवा इंग्रजीकडे वळतो. हे सौजन्य आहे, यात शंका नाही. पण मराठी ऐकण्याची सवय होण्याआधीच ती ऐकण्याची गरज संपवून टाकणे, हे त्या विद्यार्थ्याच्याही हिताचे आहे काय? तो पदवी घेऊन जाईल, पण कोणत्या गावी राहून आला हे त्याला सांगता येणार नाही.

वेगळा मार्ग शक्य आहे, याचा दाखला पुण्यातच आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक वर्षे पुण्यात आपल्या विद्यार्थ्यांसाठी सत्राचा उपक्रम चालवला. त्यात मराठी शिकणे हा अभ्यासाचा भाग होता आणि विद्यार्थी मराठी कुटुंबांत राहत. याच काळात फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासमवेत परभाषिकांना मराठी शिकवणारी पुस्तके सिद्ध केली. यजमानाची भाषा पाहुण्याला यायला हवी असेल तर ती शिकवण्याची साधने यजमानाने तयार ठेवावी लागतात, हा धडा त्या कामात आहे. कॅटलान प्राध्यापकांच्या नकारापुढे जी गोष्ट यायला हवी होती आणि आली नाही, ती हीच. भाषेचा आग्रह आणि भाषेचा वर्ग या दोन्ही गोष्टी बरोबर आल्या की नकार हा नकार राहत नाही. ते निमंत्रण होते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. 'लोबेर्ज एस्पान्योल' हा परदेशी शिक्षणसत्राचे घरगुती, अनौपचारिक अंग अत्यंत जिवंतपणे टिपणारा चित्रपट आहे. स्वयंपाकघर, दूरध्वनीजवळचा कागद आणि भाड्याचा हिशेब यांतून होणारे शिक्षण तो विश्वसनीयपणे दाखवतो.

२. कॅटलान तासाच्या प्रसंगात विनिमयाचा मूलभूत प्रश्न उभा राहतो. त्यामागील इतिहास आणि संस्थेची जबाबदारी यांना बगल दिल्यामुळे यजमान केवळ विनोदाचे निमित्त उरतो.

३. चित्रपट पाहुण्यांच्या पूर्वग्रहांना समजून घेतो, यजमानाच्या आग्रहाला समजून घेत नाही. हा त्याच्या दृष्टीचा तोल ढळल्याचा भाग आहे.

४. शेवटात, मोजता येणारे यश आणि माणसातील बदल यांची फारकत तो नेमकी दाखवतो. मात्र हा बदल परवडण्याची ऐपत कोणाकडे असते हा प्रश्न २०२३ मधील मालिकेपर्यंत बाजूला राहतो.

५. विनिमयाचे करार करताना श्रेयांकांच्या तक्त्याबरोबर अध्यापनाची भाषा, ती शिकण्याची सोय आणि गरजू विद्यार्थ्याचा खर्च या तीन बाबी लेखी ठरवणे आपल्या महाविद्यालयांना अगत्याचे आहे.

धर्मशाळेत शिधा वाटसरूनेच आणायचा, हे खरे. पण कोणत्याही बऱ्या धर्मशाळेत वाटसरूला विहीर कोठे आहे एवढे तरी सांगणारे माणूस असते आणि ते आपल्या गावच्या बोलीतच सांगते. ते ऐकून घेण्याइतका वेळ पाहुण्याला आणि सांगण्याइतका धीर यजमानाला देणे, हे सत्राची आखणी करणाऱ्यांचे काम आहे.